सुरीभोवतीचे लाल वर्तुळ

दौंडच्या डोळ्यांच्या दवाखान्यात मीरासाहेब मुलाणी यांनी काळा चष्मा कपाळावर सरकवला आणि समोरच्या भिंतीवर आपल्या डोळ्याची परीक्षा घ्यायला सुरुवात केली. मोतीबिंदू काढून आठवडा झाला होता. डॉक्टरीणबाईंनी नुकतेच तपासून सांगितले होते, "काका, उजवा डोळा पंचविशीतला झालाय. जपून वापरा." म्हणून त्यांनी आधी दारावरची पाटी वाचली, मग घड्याळाचा सेकंदकाटा पकडला, आणि मग कोपऱ्यात उंचावर टांगलेल्या टीव्हीवरची सरकती तांबडी पट्टी वाचायला घेतली. इतके बारीक अक्षर इतक्या लांबून गेल्या दोन वर्षांत त्यांना लागले नव्हते. पट्टीत 'न्हावरे' हे नाव आले तेव्हा त्यांना हसू फुटले. आपले गाव टीव्हीवर, आणि तेही चष्म्याशिवाय. शेजारी बसलेल्या लेकीला, अकिलाला, त्यांनी कोपराने ढोसले.

"ते बघ, आपलं न्हावरं."

अकिला ताडकन उठली. "चला अब्बा, रिक्षा थांबलीय."

"थांब की. वाचू दे."

त्यांनी वाचले. 'न्हावरे येथे घुसखोराच्या हाती सुरी. गाव अजून झोपेत?' पट्टीच्या वर एक चित्र पुन्हा पुन्हा फिरत होते. बाभळीचे झाड, झाडाखाली बाह्या दुमडलेला एक तरुण, त्याच्या हातात सुरी, आणि सुरीभोवती एक लाल वर्तुळ, नाडीसारखे उडणारे.

माणूस ओळखू येण्याआधी मीरासाहेबांना सुरी ओळखू आली. शिसवी मूठ, मुठीला पितळेचे कडे. ते कडे त्यांनीच बसवले होते, वडिलांच्या हाती मूठ चिरली तेव्हा. मग झाड ओळखले: बालमित्र हरिबाच्या रानातली बाभूळ. आणि मग तो तरुण. त्यांच्या वेल्डिंगच्या दुकानामागच्या खोलीत दोन वर्षे राहणारा, फरशी बसवणारा बंगालचा तोफाजुल.

त्यांच्या हातातला औषधाच्या थेंबांचा डबा खाली पडला. तो अकिलाने उचलला. वडिलांकडे न बघता ती म्हणाली, "म्हणूनच घरात टीव्ही लावला नव्हता."

"डॉक्टरनं सांगितलंय म्हणालीस तू."

"डॉक्टरांनी काही सांगितलं नव्हतं."

घडले होते ते इतके साधे होते की, त्यात कोणाला काही दिसावे असे काही नव्हते. न्हावऱ्याच्या शिवारात हरिबाच्या भावकीचे वीसेक उंबरे आहेत. पूर्वीचे मेंढपाळ, आता ऊस, कांदा आणि दोन-दोन जर्शी गाई. वर्षातून एकदा बिरोबाच्या नावाने त्यांच्या रानात बोकड पडतात आणि सगळा गाव रस्सा ओरपायला येतो. त्या बोकडांवर सुरी फिरवायची ती मुलाण्याने. त्याने बिस्मिल्ला म्हटले नाही, तर एकही म्हातारी त्या मटणाला हात लावणार नाही. हा मान मीरासाहेबांच्या घराण्याकडे कधीपासून आहे हे कोणी विचारत नाही, कारण देवाच्या कपाळाला शेंदूर कधीपासून आहे हेही कोणी विचारत नाही. मानाचा वाटा घरी येतो, आणि हरिबाची बायको अनसाबाई त्यावर चिंचेची पाने टाकून पाठवते, माश्या बसू नयेत म्हणून.

यंदा डोळ्याची तारीख आणि जत्रेची तारीख एकच आली. डॉक्टरीणबाई पुढची तारीख द्यायला तयार नव्हत्या. जत्रा पुढे ढकलणे बिरोबाच्या हातात होते, तो तर त्यांच्याहून कडक. मग मीरासाहेबांनी कोणत्याही मुलाण्याने कधी केले नसेल ते केले. घराण्याची सुरी तोफाजुलच्या हाती दिली. पोरगा नमाजी, हात स्थिर. लेव्हलच्या नळीतले पाणी जो केसभर हलू देत नाही, त्याच्या हातून बोकडाला त्रास होणार नाही, असा त्यांचा हिशेब. शब्द तेच, सुरी तीच. मान माणसाला असतो की सुरीला, हा प्रश्न त्यांना पडला नाही. तो पडायचा राहून गेला.

हरिबाची नात प्रगती शिरूरच्या कॉलेजात जाते. तिने जत्रेचे चित्रण करून गाणे लावून आपल्या मोबाइलच्या स्टेटसला ठेवले: 'आजोबांची जत्रा.' कोणीतरी ते तिथून उचलले. गाणे काढले, वर्तुळ टाकले, आणि खाली एक ओळ लिहिली. शेवटी ते दवाखान्यातल्या टीव्हीपर्यंत पोहोचले. मधल्या वाटेवर ते कोणाकोणाच्या हातून गेले, हे अखेरपर्यंत कळले नाही.

"तोफाजुल कुठंय?" मीरासाहेबांनी रिक्षात विचारले.

"चौकीवर. अर्ज आलाय म्हणतात. अनोळखी इसम हत्यार घेऊन जत्रेत घुसला असा."

"घुसला? आगं, त्याला पानसुपारी देऊन नेलाय."

"मग तसं हरिबाकाका का म्हणाले नाहीत?" अकिलाने आपला मोबाइल त्यांच्या पुढे धरला.

पडद्यावर हरिबा होता. तांबडा पटका, जत्रेचाच. समोर कोणाचा तरी माईक. या माणसाला ओळखता का, असे विचारल्याचे ऐकू आले. हरिबाने आधी माईककडे बघितले, मग जमिनीकडे. "न्हाई ओळखत. मी न्हाई बलिवला त्येला. कुठनं आला, कसा आला, आमाला ठाव न्हाई."

हा हरिबा मीरासाहेबांबरोबर एका फळीवर शाळेत बसला होता. अकिलाच्या लग्नात त्याने वरातीपुढे ढोल वाजवला होता. मीरासाहेबांनी ती चित्रफीत तीन वेळा लावायला सांगितली. पहिल्यांदा त्यांना वाटले, शब्द बदलले असतील. दुसऱ्यांदा ओठ नीट पाहिले. तिसऱ्यांदा फक्त हरिबाचे डोळे पाहिले, आणि मोबाइल परत दिला.

दौंडहून चौफुल्याला, चौफुल्याहून न्हावऱ्याला, अशा दोन एसट्या बदलून ते त्याच दुपारी थेट चौकीवर उतरले. फौजदार तरुण होता, थकलेला होता, आणि बोलायला सभ्य होता. त्याने खुर्ची दिली, पाणी दिले.

"काका, पोराची कागदपत्रं बरोबर दिसतायत. मुर्शिदाबादला विचारणा केलीय, उत्तरही येतंय. अडचण ती नाही. अडचण अर्जाची आहे. जत्रा ज्याची, तो म्हणतो मी बोलावलं नाही. मग पोरगा तिथं सुरी घेऊन गेला कशाला?"

"मी पाठवला. सुरी माझी हाय."

"ते लिहून घेतो. पण यजमान तुम्ही नाही. यजमान एकदा म्हणू देत की आम्हीच बोलावलं. विषय तिथंच मिटतो. नाहीतर मला हा पोरगा पुढं पाठवावा लागेल, आणि पुढं कुठं, हे माझ्या हातात राहणार नाही."

मीरासाहेबांच्या तोंडून कळकळीने निघाले, "साहेब, हा पोरगा त्यांच्यातला न्हाई वो. हा चांगला हाय."

फौजदाराने लिहिता लिहिता मान वर केली. "त्यांच्यातला म्हणजे? आणखी कोण आहेत गावात?"

गावात बंगालचे आणखी चार गवंडी होते, उत्तर प्रदेशातले गुऱ्हाळावरचे कामगार होते. त्यांच्यापैकी कोणाविषयी मीरासाहेबांना काही वाईट ठाऊक नव्हते. तरीही 'त्यांच्यातला' हा शब्द आपल्या तोंडात तयार होता. तो कोणी ठेवला, कधी ठेवला? त्यांनी एकही बातमी पाहिलेली नव्हती, आठवडाभर तर डोळेच झाकलेले होते. "कोणी न्हाई साहेब," ते म्हणाले. "चुकून बोललो." फौजदार पुन्हा लिहू लागला.

आतल्या खोलीच्या दारातून तोफाजुल दिसला. भिंतीला टेकून उकिडवा बसलेला. मारहाण झालेली नव्हती, डबा मिळत होता. त्याने विचारले ते एवढेच. "चाचा, मैंने तो बस बिस्मिल्ला बोला था. आपने कहा जाओ, मैं गया. गलत किया क्या?"

"न्हाई बेटा," मीरासाहेब म्हणाले, आणि त्याच पावली हरिबाच्या रानाकडे निघाले.

हरिबा कांद्याच्या चाळीपुढे बसला होता. अनसाबाई आत कांदे निवडत होत्या. मीरासाहेबांना पाहून हरिबा उठला नाही. तोंडावर हसू आणायचा त्याने प्रयत्न केला, पण ते जमले नाही.

"डोळा बरा झाला का, मीरा?"

"लई बरा झाला. आता बारीकबी दिसतंय."

हरिबा पायापाशी पडलेल्या कांद्याची साले काढू लागला.

"न्हाई ओळखत म्हणालास," मीरासाहेब समोरच्या रिकाम्या कॅरेटवर बसले. "तुझ्या घरातली फरशी कुणी बसवली? सैपाकघरातली टाईल कुणी लावली? बिरोबाच्या ओट्याचं काम अर्धं ऱ्हायलंय, ते कुणाचं?"

"बसवली. म्हणून आता उखडू का ती?"

"फरशी ऱ्हाऊ दे. त्वांड तर उघड."

हरिबाने पटका काढून मांडीवर ठेवला. त्याखालचे डोके पार पांढरे होते. तो हळूहळू बोलू लागला.

"तू कवा पालावर ऱ्हायला न्हाईस मीरा. तुमचं घर हितंच. आमी मेंढरांमागं. ज्या गावाच्या शिवंवर पाल पडंल, त्या गावात कुणाची कोंबडी हारपली तरी पयलं आमच्याकडं. माझ्या बापाला सोलापूर रस्त्याकडच्या एका गावानं रातभर खांबाला बांधून ठिवला व्हता. का, तर अनोळखी. ओळख न्हाई म्हंजी चोर. कोंबडी दुसऱ्या दिशी गंजीत अंडी घालताना घावली. बापाला सोडला. आन् सोडताना म्हणलं, आता शीव सोड."

"म्हाईत हाय मला. तूच सांगितलंय."

"मग इसरलास. मी न्हाई इसरलो. म्हणून तर तसा बोललो. तेनी माईक धरला, म्हणले, हा तुमचा माणूस का. व्हय म्हणलो असतो, तर फुडला सवाल, तुमी कोण. तुमी कुठले. तुमचा बाप कुठला. माझा बाप कुठं जलमला, मला सांगता येत न्हाई मीरा. मेंढरं जिथं व्हती तिथं जलमला. त्यो काय दाखला काढून जलमला का?"

मीरासाहेब तळमळत, भांडायच्या तयारीने आले होते. मित्र भ्याला असेल, कोणी दबाव आणला असेल, हे सगळे त्यांनी वाटेत धरून ठेवले होते. पण ज्याच्या बापाला अनोळखी म्हणून खांबाला बांधले, त्याने ते आठवून, नीट आठवूनच, दुसऱ्याला अनोळखी म्हणावे, हे त्यांच्या कोणत्याच हिशेबात बसत नव्हते. विस्तव हातावर पडावा तसे ते बसल्या जागी दचकले होते, आणि ओरडताही येत नव्हते, कारण हरिबा खोटे बोलत नव्हता.

चाळीतून कांदे टाकल्याचा धप्प आवाज आला. अनसाबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या.

"मी वाढलंय त्येला," त्या कोणाकडेच न बघता म्हणाल्या. "दोनदा रस्सा घेतला. तिखट लागला म्हणून डोळ्यात पानी आलं, तर पोरी हसल्या. मी गूळ दिला."

"अनसा, तू आत जा. प्रगतीचं नाव येईल यात. तिच्याच फोनवरनं गेलंय समदं."

"येऊ दे. पोरीनं जत्रा दावली, चोरी न्हाई दावली." अनसाबाईंनी चपला पायात सरकवल्या. "माझ्या सासऱ्याला खांबाला बांधला, तवा एकजण जरी म्हणला असता की मी ह्येला भाकरी वाढलीया, तर सुटला असता. कुणी म्हणलं न्हाई. चला मीराभाऊ."

"मी काय सांगू लोकांना?" हरिबाने विचारले.

"सांगा, बायको ऐकत न्हाई. ते तर गावाला ठावच हाय."

चौकीच्या फाटकापाशी माईकवाला उभाच होता. त्याने अनसाबाईंना अडवले, आणि त्यांनी जे आत सांगायचे तेच बाहेरही ठणकावून सांगितले. त्याला आमीच बलिवलं. मीच ताट वाढलं. मुलाण्याचा माणूस म्हणून आला, आमच्या जत्रेचा पावणा म्हणून जेवला. मग आत जाऊन जबाबावर अंगठा उमटवला, कारण बाहेर माईकपुढेच थरथरू लागलेल्या हाताला सही जमेना. बाहेर आणि आतही मीरासाहेब काळा चष्मा लावून त्यांच्या मागे उभे होते. संध्याकाळी तोफाजुल सुटला. सुरी मात्र मुद्देमालात जमा राहिली. "अर्ज द्या," फौजदार ओशाळून म्हणाला, "मिळेल नंतर."

सकाळी लेव्हलची नळी, गवंडीकामाची करणी आणि कपड्यांची पिशवी घेऊन तोफाजुल दारात उभा राहिला. मीरासाहेब म्हणाले, ओट्याचे काम राहिले आहे. तो म्हणाला, "चाचा, नाप लेकर रखा है, दीवार पर निशान है. कोई भी लगा देगा." हावड्याकडे जाणाऱ्या गाडीसाठी तो दौंडला निघून गेला. त्यानंतर त्याचा फोन एकदाच आला, पोहोचल्याचा.

महिन्याने मीरासाहेब पुन्हा त्याच दवाखान्यात आले, या खेपेला एकटेच. शेजारी आनंदराव नावाचे एक बागायतदार बसले होते, भांडगावकडचे. अतिशय सज्जन माणूस. त्यांनी सरकून जागा दिली, घरच्या बागेतली दोन अंजिरे पिशवीतून काढून मीरासाहेबांच्या हातावर ठेवली, कोणत्या थेंबांनी चुरचुरत नाही तेही सांगितले. मग गाव विचारले.

"न्हावरे."

आनंदरावांनी जवळ सरकून आवाज खाली आणला. "म्हंजे तुमच्याकडंच सापडले की ते. तीनशे."

"तीनशे काय?"

"घुसखोर. उसात ऱ्हायचे म्हणं. सुऱ्या चालवायचं शिक्षण घ्यायचे. जत्रा बघून गावात शिरायचे."

मीरासाहेबांना वाटले हे आपल्याला बरोबर ऐकू आले नाही. "आहो, एक होता. फरशी बसवायचा. त्याचे कागद बी बरोबर निघाले. गेला तो त्याच्या गावाला."

"मामा," आनंदरावांनी त्यांच्या मांडीवर मायेने हात ठेवला, "तुम्ही गावातच ऱ्हाता, म्हणून तर तुम्हांला दिसत न्हाई. गावातल्या माणसाला ते कळूच देत न्हाईत. तीच तर त्यांची कला हाय."

"मी रोज बघत होतो त्याला."

"तेच म्हणतोय मी."

आणि अडाण्याला समजवावे तशा धीराने त्यांनी मोबाइल काढून दाखवला. चौकीचे फाटक होते. अनसाबाई बोलत होत्या, पण शब्द मध्येच तोडलेले: मीच ताट वाढलं, मीच ताट वाढलं, एवढेच परत परत. थरथरणाऱ्या हाताला जवळून दाखवले होते. खाली ओळ होती: 'दहशतीखाली गावकरी.' आणि त्यांच्या मागे उभ्या असलेल्या माणसाभोवती लाल वर्तुळ उडत होते.

"हा काळ्या चष्म्याचा दिसतोय ना," आनंदराव म्हणाले, "हा म्होरक्या. बाईला बोलायला लावतोय बघा कसा, मागं उभं ऱ्हाऊन."

नव्या डोळ्याला सारे स्वच्छ दिसत होते. सदऱ्याचे तुटलेले बटण. हातातली औषधाची पिशवी, ह्याच दवाखान्याची. मीरासाहेबांच्या तळहातावरची अंजिरे ओलसर झाली होती. त्यांनी बोलायला तोंड उघडले, आणि त्यांच्या लक्षात आले की, 'मी न्हाई' एवढेच त्यांच्या ओठावर आले आहे. हरिबाच्या ओठावर आले होते, तसेच.

"मीरासाहेब मुलाणी," आतून नर्सने पुकारले.

आनंदराव पडद्यात गढलेले होते. मीरासाहेब बसून राहिले असते तर कोणाला कळले नसते. नर्सने पुढचे नाव घेतले असते. आयुष्यात पहिल्यांदा मीरासाहेबांनी आपले नाव ऐकून इकडेतिकडे पाहिले, ते दुसऱ्या कोणाचे असावे तसे.

"मीरासाहेब मुलाणी आहेत का? न्हावरे?"

त्यांनी अंजिरे आनंदरावांच्या पिशवीवर अलगद ठेवली. खिशातून काळा चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, डोळ्यांवर चढवला, आणि आनंदरावांची मान वर होईपर्यंत थांबून मगच ते उठले.

"हाय," ते म्हणाले. "आलो."